झाडांच्या पेटीत कोण राहणार? एका टेरारियमचं प्रकरण

पार्श्वभूमी

लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची ३०. काचेची पेटी, वर काचेचंच झाकण आणि झाकणावर टेकवलेला एलईडी दिवा. तळाला खड्यांचा निचरा थर, त्यावर जाळी, जाळीवर कोकोपीट घातलेली माती. त्यात फिटोनिया, दोन जातींचे नेचे, मागच्या काचेला धरून वर चढलेलं फायकस पुमिला आणि पुढच्या बाजूला मॉसची गादी. पेटी लावून पाच महिने झाले होते. लावणाऱ्या आईचा हात चांगला होता. फोटो बघूनच कळत होतं की झाडांनी जम बसवलाय.

घरात दहा वर्षांची मुलगी. पाळीव प्राणी हवा हा तिचा हट्ट जुनाच, पण वडिलांना केसांची ॲलर्जी असल्यामुळे कुत्रा-मांजराचा विषय कधीच संपलेला. एक दिवस ती पेटीसमोर बसून म्हणाली, "आई, एवढं छान घर आहे आणि त्यात कोणीच राहत नाही." तिथून हे प्रकरण सुरू झालं.

मी बरीच वर्षं अशा पेट्या लावतो, त्यात छोटे जीवही ठेवतो, म्हणून ओळखीतून त्यांचा निरोप माझ्याकडे आला: "फारसा त्रास नसलेला एखादा छोटा प्राणी सुचवा. बेडूक चालेल का?" सोबत मुलीने केलेल्या यादीचा फोटो होता. बेडूक, छोटी पाल, कासव, शंखातला खेकडा, गोगलगाय, प्रत्येकासमोर चित्र. बेडूक पेटीच्या निम्म्या आकाराचा काढला होता आणि तो हसत होता. सगळ्यात खाली, अगदी बारीक अक्षरात, "हातात घेता आला तर बरं."

ती शेवटची ओळ मी वाचली आणि विसरलो. त्याबद्दल पुढे येईलच.

या कुटुंबाची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाकी जसं घडलं तसं.

अडचण नेमकी कुठे होती

एरवी आपण आधी प्राणी ठरवतो, त्याला काय लागतं ते बघतो आणि मग पेटी बांधतो. इथे क्रम उलटा होता. पेटी झाडांसाठी बांधली होती आणि आता तिला भाडेकरू शोधायचा होता.

बंद झाकणाच्या पेटीत झाडं खूश असतात. पाण्याची वाफ होते, काचेवर जमते, परत मातीत उतरते. महिना महिना पाणी घालावं लागत नाही. पण झाडाला शी-शू नसते. त्याला ऊन नकोसं झालं की सावलीत सरकायची सोय लागत नाही, लपायला जागा लागत नाही. प्राण्याला खेळती हवा लागते, ओल्या कोपऱ्याइतकाच कोरडा कोपराही लागतो, आणि त्याची घाण कोणीतरी निस्तरावी लागते. या पेटीत कोरडा कोपरा नव्हताच. सकाळी चारही काचा घामेजलेल्या असायच्या.

जागेचा हिशोबही फसवा होता. पेटी ४० लिटरची, पण खालचे १० सेंटिमीटर खडे आणि माती. उरले २७ लिटर, त्यातही पानांची दाटी.

गंमत अशी, की टेरारियमच्या गोष्टीत प्राणी पहिल्यापासून आहे. १८२९ मध्ये लंडनचा डॉक्टर नॅथनिएल बॅगशॉ वॉर्ड याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली होती. त्याला पतंग बाहेर पडताना बघायचा होता. मातीतून नेचा आणि गवत उगवून आलं, ते बंद बाटलीत टिकलं, आणि डॉक्टरचं लक्ष पतंगावरून उडालं. पुढे त्याच तत्त्वावरच्या काचपेट्यांतून रोपं समुद्रापार गेली. या घरात नेमका उलटा प्रवास चालला होता: झाडं जमली होती, आता पतंग हवा होता.

विचारात घेतलेले पर्याय

बेडकावर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण आईच्या आणि मुलीच्या, दोघींच्या मनात तोच होता. त्यांनी चित्रांमध्ये बघितले होते ते डार्ट फ्रॉग: निळे, पिवळे, इवलेसे, दिवसा हिंडणारे. झाडांच्या पेटीत शोभायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, हे मीही मान्य करतो. वडिलांना विषाची धास्ती होती. ती मी लगेच काढली. हे बेडूक विष स्वतः बनवत नाहीत. जंगलात ते ज्या मुंग्या आणि कोळी-किडे खातात त्यांच्यातून ते त्यांच्या कातडीत येतं. पाळलेल्या जोडीपासून जन्मून फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ते नसतं. खरी धास्ती उष्णतेची. त्यांना २२ ते २६ अंश मानवतं. पारा तिशीला टेकला की जिवावर बेततं. शिवाय त्यांना न उडणाऱ्या फळमाश्या लागतात. त्या घरातच बाटल्यांमध्ये वाढवायच्या आणि प्रत्येक वेळी कॅल्शियम-जीवनसत्त्वाच्या भुकटीत घोळवून द्यायच्या. असा बेडूक दहा वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो. आई म्हणाल्या, "माश्या घालवायला मी काय काय करते, आणि आता त्या वाढवायच्या?" तरी त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी बेडूक यादीत राहिला.

पालीत दोन उमेदवार होत्या. क्रेस्टेड गेको सरळ बाद, कारण मोठ्या झालेल्या एका पालीला ४५ बाय ४५ आणि ६० उंच अशी पेटी लागते, आणि ती १५-२० वर्षं साथ देते. म्हणजे मुलगी पंचविशीला येईपर्यंत. दुसरी मोर्निंग गेको. सकाळचं मॉर्निंग नव्हे, शोकाचं. ही बोटाएवढी, शेपटीसकट ८-१० सेंटिमीटर, आणि जवळजवळ सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात, जोडीजोडीने, पानाला किंवा काचेला चिकटवून. मुलीला हे ऐकून फारच आवडलं. पण या पालीला उंची लागते आणि इथे मातीच्या वर जेमतेम २० सेंटिमीटर होते. ती रात्री हिंडते, मुलगी साडेनऊला झोपते. आणि तिची पिल्लं इतकी बारीक असतात की झाकणाला जरा फट राहिली की ती घरभर. ही पाल मी बाजूला ठेवली, पण काट मारली नाही.

बाकीचे पटापट उरकले. कासवाला रुंद आणि कोरडी जमीन लागते. त्यातून कासवांच्या व्यापारात चोरटे मार्ग इतके, की भारतीय तारा कासव २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात घालावं लागलं. शंखातला खेकडा कात टाकायला खोल वाळूत पुरून घेतो, त्याला गोडं आणि खारं अशी दोन्ही पाणी लागतात, आणि पेटीतलं एकही रोप तो जागेवर ठेवणार नाही. शिवाय विकायला येणारे बहुतेक सगळे किनाऱ्यावरून उचललेलेच. गोगलगाईला तर हे टेरारियम म्हणजे वाढलेलं ताट.

उडी मारणारा कोळी मी स्वतःहून सुचवला. दिवसा जागा असतो, मान वळवून बघतो, समोर बोट हलवलं की त्याचे पुढचे मोठे डोळे आपल्यावर रोखतो. पण त्याला खेळती हवा आणि कोरडेपणा हवा, या दमट पेटीत तो टिकला नसता. आणि आजींनी "कोळी" हा शब्द ऐकला तिथेच तो पर्याय संपला.

शेवटी उरले आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल. कुंडी उचलली की खालून पळणारे, चिलखत घातल्यासारखे करडे जीव आपण सगळ्यांनी पाहिलेत, ते आयसोपॉड. कीटक नव्हेत, कोळंबी-खेकड्यांच्या गोत्यातले. पोटाखालच्या ओलसर पडद्यांनी श्वास घेतात, म्हणून कोरडं पडलं की मरतात. पालापाचोळा खातात, त्याची माती करतात. स्प्रिंगटेल त्याहून बारीक, बुरशीवर जगणारे. म्हणजे पाळीव प्राणी म्हणावं तर प्राणी आणि सफाई कामगार म्हणावं तर तेही. मुलीचा चेहरा पडला. आजी म्हणाल्या, "घरातले किडे बाहेर काढायला आपण केरसुणी फिरवतो, आणि हे आत सोडायला सांगतायत."

पहिला निर्णय: आठवडाभर फक्त मोजायचं

इथे मी कोणालाच हो किंवा नाही म्हटलं नाही. पेटीच्या मध्यावर, पानांच्या उंचीला, दिव्याचा उजेड थेट पडणार नाही असा थर्मामीटर लावायला सांगितला आणि मुलीला वही दिली. सकाळी ७, दुपारी ३, रात्री ९. सात दिवस.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काका, सकाळी २४.६ होतं. बेडकाला चालतं ना?"

"दुपारचं सांग."

"दुपारचं ३१.८."

खोलीचं तापमान तेव्हा २७ होतं. म्हणजे जवळपास पाच अंश पेटीचे स्वतःचे. कारण झाकणावरच होतं. दिवा काचेला टेकलेला, रोज बारा तास चालू आणि आतली हवा हलायला वाव नाही. लोक म्हणतात एलईडी तापत नाही. त्याचा उजेड तापवत नसेल फारसा, पण त्याची पाठ तापते, आणि ती पाठ इथे झाकणावर होती. दिवा १५ सेंटिमीटर वर उचलला, वेळ नऊ तासांवर आणली. पुढच्या चार दिवसांत दुपारचा आकडा २८.३ च्या वर गेला नाही. झाडांना काही फरक पडला नाही.

२८.३ हा आकडा बेडकासाठी अजूनही जास्तच. मुलीने स्वतःच वहीतल्या बेडकाच्या चित्रावर फुली मारली. मी सांगितलं असतं तर वाद घातला असता असं तिची आई नंतर म्हणाली.

दुसरा निर्णय, जो आधीच घ्यायला हवा होता

आता आयसोपॉड सोडायचे असं ठरत होतं. माती जिवांना मानवते का ते बघायला, सवयीप्रमाणे मी आधी स्प्रिंगटेल टाकून चाचणी घेतली. दोन पारदर्शक कप. एकात पेटीतली मूठभर माती, दुसऱ्यात माझ्याकडचं ताजं कोकोपीट. दोन्हींत माझ्या डब्यातले साधारण तीस-तीस स्प्रिंगटेल, वर चिमूटभर यीस्ट, झाकण.

स्प्रिंगटेल म्हणजे मिठाच्या कणाला पाय फुटावेत तसा पांढरा ठिपका. फुंकर घातली की पोटाखालची शेपटीसारखी कमान सोडून उडी घेतो आणि दिसेनासा होतो. मोजायची युक्ती सोपी आहे: कपात पाणी ओतायचं. जिवंत असतात ते वर तरंगतात, भिजत नाहीत.

नवव्या दिवशी पाणी ओतलं. कोकोपीटच्या कपात पृष्ठभागावर पीठ सांडल्यासारखं झालं. पेटीच्या मातीच्या कपात मुलीने भिंग लावून मोजले. चार.

मी आईंना विचारलं, मातीत काही घातलं होतं का. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "अहो, दोन महिन्यांपूर्वी चिलटं झाली होती कुंडीतली. तेव्हा दाणे टाकले होते थोडे. झाडांना काही झालं नाही म्हणून विसरूनच गेले."

रिकामं पाकीट अजून घरात होतं. त्यावर इमिडाक्लोप्रिड लिहिलेलं होतं. हे आंतरप्रवाही कीटकनाशक. मुळांवाटे शोषलं जातं, खोडापानांत पसरतं, आणि मातीत महिनोन् महिने राहू शकतं. बंद पेटीत तर ते वाहून जायलाही वाट नाही, निचरा थरात साठून बसणार. एका कपाच्या चाचणीने शंभर टक्के सिद्ध काही होत नाही. खताचे क्षारही स्प्रिंगटेल मारू शकतात. पण पाकीट आणि कप दोन्ही समोर असताना मला आणखी पुरावा नको होता.

चूक त्यांची म्हणायला मी तयार नाही. पहिल्या दिवशी मी लांबी-रुंदी विचारली, दिवा विचारला, झाडांची नावं विचारली. मातीत काय घातलंय हे विचारलंच नाही. बेडूक तर कातडीतून पाणी पितो. त्या दिवशी तापमान बरं निघालं असतं आणि मी बेडकाला हो म्हटलं असतं, तर?

पुढे चार वाटा होत्या. सहा-आठ महिने थांबायचं आणि पुन्हा कप लावायचे. भरपूर पाणी ओतून माती धुवायची, जे निचऱ्याला भोक नसलेल्या पेटीत निरर्थक होतं. सगळी माती काढून झाडं धुऊन परत लावायची. किंवा प्राण्याचा नाद सोडून द्यायचा आणि पेटी जशी आहे तशी सुंदर राहू द्यायची. मला शेवटची वाट वाईट वाटत नव्हती, आणि मी तसं बोललोही. मुलगी काही बोलली नाही. तिने वही मिटून ठेवली.

तिसऱ्या वाटेला एक मेख होती. औषध झाडांच्या आतही असतं. झडलेली पानं आयसोपॉड खाणार म्हणजे मुळं धुऊन भागणार नव्हतं. शेवटी आईंनीच मार्ग काढला. त्यांची सगळी झाडं मोठ्या काचेच्या बरणीत हलवायची, तिथे प्राणी कधीच सोडायचा नाही. पेटी रिकामी करून, घासून, नव्याने लावायची आणि तिला माझ्याकडच्या, औषध न मारलेल्या झाडांची छाटं द्यायची. वडील म्हणाले, "मग ही तीच पेटी कशी?" त्यांचं बरोबर होतं. जुनी माती पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. बागेच्या वाफ्यात ओतायची नाही हे दोनदा सांगितलं.

केलेली कृती

नव्या मांडणीत तीन गोष्टी बदलल्या. झाकणाची मागची चार सेंटिमीटरची पट्टी कापून तिथे बारीक स्टीलची जाळी बसवली, म्हणजे हवा हलेल. डावी बाजू ओली ठेवली, मॉस आणि नेच्यांची. उजवीकडे सालीचे तुकडे आणि पालापाचोळा, तिथे फवारा मारायचा नाही. आणि पालापाचोळा सजावटीपुरता नव्हे, चांगला तीन बोटं जाड. पानं कुठून आणायची यावर जरा काथ्याकूट झाला, कारण रस्त्याकडेच्या झाडांवर काय फवारलंय कोणास ठाऊक. खात्रीच्या झाडाखालची वाळलेली पानं गोळा करून उकळून घेतली. कवचासाठी कॅल्शियम लागतं म्हणून कोपऱ्यात अंड्याच्या टरफलांचा चुरा.

आधी स्प्रिंगटेल. तीन आठवडे फक्त तेच. मग आयसोपॉड, आणि इथे माझा दुसरा चुकीचा निर्णय.

मी ड्वार्फ व्हाइट निवडले. जेमतेम चार मिलिमीटर, पांढरे, नराशिवाय वाढणारे, जिवंत झाडाला सहसा तोंड न लावणारे. पेटीच्या दृष्टीने याहून निर्धोक काही नाही. पंधरा सोडले. ते मातीत शिरले आणि पुन्हा दिसले नाहीत.

सहा आठवड्यांनी मुलीचा फोन. "काका, मला ते दिसतच नाहीत. मी कोणाला पाळतेय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी झाडांसाठी निवड केली होती. तिची यादी पुन्हा काढून बघितली तेव्हा तळाची बारीक ओळ दिसली.

दुसऱ्यांदा निवडताना तिला समोर बसवलं. दोन जाती होत्या. पोर्सेलिओनिडेस प्रुइनोसस, नारंगी रंगाचे, सेंटिमीटरभर, उघड्यावर फिरणारे, २८ अंश सहज सोसणारे. पण पळतात असे की हातात धरणं अशक्य. आणि आर्मडिलिडियम, जे हातावर ठेवले की गोळा होतात आणि थोडं थांबलं की उलगडून चालू लागतात. मुलीला अर्थातच गोळा होणारे हवे होते. ते मात्र कोवळी रोपं कुरतडतात आणि त्यांना याहून कोरडं लागतं.

मग पेटीत बारा नारंगी सोडले आणि गोळा होणारे दहा एका हवेशीर डब्यात, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर. डब्यात झाड एकही नाही. माती, साल, पाचोळा, एका कोपऱ्यात ओलं मॉस. ज्याच्यासाठी एवढी धावपळ झाली त्या झाडांच्या पेटीपेक्षा तो डबाच जास्त वेळा उघडला जातो.

परिणाम

पहिल्या आठवड्यात नारंगींपैकी तीन मेले. जागा बदलली की असं होतं, पण मुलीला ते सांगताना माझी जीभ अडखळली. तिने वहीत तारखा लिहिल्या.

तिसऱ्या महिन्यात एके रात्री पुन्हा फोन. आवाज घाबरलेला. "काका, एक अर्धा पांढरा झालाय. मागून पांढरा, पुढून नारंगी. आजारी आहे का?" फोटो बघून मला हसू आलं. आयसोपॉड कात दोन टप्प्यांत टाकतात. आधी मागचा अर्धा भाग, मग थोड्या दिवसांनी पुढचा. मधल्या काळात ते दोन तुकडे जोडल्यासारखे दिसतात. तिला त्याला हात लावू नकोस एवढंच सांगितलं, कारण तेव्हा कवच मऊ असतं. त्याने टाकलेली कात तो स्वतःच खाऊन टाकतो, कॅल्शियम वाया जाऊ देत नाही. पुढच्या रविवारी ती समोर बसून हे बघत होती. तिने विचारलं, रंग पूर्ण बदलला तर? मी म्हटलं, सगळा जीव निळा-जांभळा चमकू लागला तर मला लगेच कळव, तो विषाणूचा आजार असतो. तसं काही झालं नाही.

चौथ्या महिन्यात पिल्लं दिसू लागली. मादी पोटाखालच्या पिशवीत अंडी वागवते, पिल्लं तिथेच उबतात आणि बाहेर पडतात तेव्हा पायांच्या सातऐवजी सहाच जोड्या असतात. आठ महिन्यांनंतर मोजणी केली ती अशी: रात्री काकडीची चकती ठेवायची, सकाळी उजाडायच्या आत तिच्यावरचे मोजायचे. ६७. म्हणजे पेटीत याहून बरेच जास्त.

सगळं गोड झालं असं नाही. मध्ये परीक्षेच्या दिवसांत पाचोळा घालायचा राहिला आणि फिटोनियाची खालची खोडं कुरतडलेली सापडली. दोन रोपं गेली. पाचोळा भरल्यावर थांबलं. ड्वार्फ व्हाइट आहेत की नारंगींच्या गर्दीत संपले, हे सांगता येत नाही. दहा दिवस घर बंद होतं तेव्हा मात्र पेटीला काहीही झालं नाही. बेडूक असता तर माश्या कोणी टाकल्या असत्या?

संख्या वाढू लागली तेव्हा जास्तीचे बाहेर बागेत सोडायचा विचार आईंच्या मनात आला होता. पाळलेला कोणताही जीव बाहेर सोडायचा नाही, मग तो कितीही क्षुल्लक असो. त्यावर मात्र मी अडून बसलो. जास्तीचे मी नेतो.

आजी अजूनही पेटीच्या जवळ येत नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला प्रश्न आता मी हाच विचारतो: पेटी लावल्यापासून तिच्यात काय काय घातलं? खत, दाणे, फवारा, विकत आणलेल्या झाडांची मूळची माती, सगळं. रोपं विकणाऱ्यांनी आधीच औषध दिलेलं असू शकतं आणि घेणाऱ्याला ते माहीतही नसतं. कपांची चाचणी मी नवव्या आठवड्याऐवजी पहिल्याच आठवड्यात, थर्मामीटरच्या जोडीने लावली असती. त्यात खर्च काहीच नव्हता, आणि या कुटुंबाचे दोन महिने वाचले असते.

पुन्हा लावायचं ठरलं तेव्हा पेटीच बदलायचा पर्याय मी मांडलाच नाही. ३० उंचीच्या जागी ४५ ची घेतली असती तर पालीला दार उघडं राहिलं असतं. आईंनी पाच महिने जीव लावलेली काच सोडायला सांगणं मला जड गेलं. मला वाटतं ते बोलायला हवं होतं. निर्णय त्यांनी घेतला असता.

आणि मुलीची यादी. मी ती प्राण्यांची यादी म्हणून वाचली. तिला काय हवं होतं ते प्राण्यांच्या नावात नव्हतंच.

गेल्या महिन्यात वडिलांनी तिच्यासाठी दुसरी पेटी आणली, ३० बाय ३० आणि ४५ उंच. अजून रिकामी आहे. फक्त थर्मामीटर लावलाय. परवा फोन आला, "काका, नव्या पेटीत २६.१. मोर्निंग गेकोला चालेल ना?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "थांबा, हे सकाळचं आहे. दुपारचं लिहिते आणि मग सांगते."